पोडावरची भाषा

४ सप्टेंबर १८६३ या दिवशी नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटला होते. तिथली दगडांची प्राचीन वर्तुळं पाहायला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल आले होते आणि हिस्लॉप त्यांच्याबरोबर होते. पाहणी झाल्यावर बाकीची मंडळी पुढे निघाली. हिस्लॉप मागे थांबले, कारण गावातली शाळा तपासायची राहिली होती. संध्याकाळी ते एकटेच घोड्यावरून बोरीकडे निघाले, तर वाटेतला ओढा पावसाने फुगलेला. त्या पुरात ते वाहून गेले. वय अवघं पंचेचाळीस. ती बोरी म्हणजे आजची बुटीबोरी. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेहून नागपूरला जाणारा माणूस आज तिथले कारखाने बघत पुढे जातो.

मागे कागद राहिले. अठरा वर्षं विदर्भात हिंडून हिस्लॉप यांनी इथल्या आदिवासींविषयी जे टिपलं होतं, ते टेंपल यांनी १८६६ मध्ये नागपुरात छापून घेतलं. गोंडांच्या लिंगोची गाथा त्यात आहे, म्हणून त्या पुस्तकाचं नाव अजून निघतं. त्यातच निरनिराळ्या जमातींच्या शब्दांच्या याद्याही आहेत आणि एक यादी कोलामीची, म्हणजे कोलाम जमातीच्या भाषेची आहे. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर बोलली जाणारी ही भाषा छापील कागदावर आली ती अशी, बुडालेल्या माणसाच्या टिपणांतून.

पिपरी मेघे हे वर्धा शहराला चिकटलेलं गाव. आर्वी रस्त्याने शहर कुठे संपतं आणि पिपरी कुठे सुरू होते, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. इथून देवळीवरून यवतमाळच्या वाटेला लागलं की वर्धा नदी ओलांडावी लागते. पलीकडे कळंब, राळेगाव, मग पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी. मुख्य गावं रस्त्याला असतात. कोलामांचं पोड मात्र गावापासून अंतर राखून, बहुधा टेकडीच्या अंगाला किंवा जंगलाच्या कडेला. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कुडाची घरं, मध्ये सगळ्यांची चावडी, पोडाचा नाईक, महाजन, आणि देवाचं पाहणारा घट्या. महसुली दप्तरात अशी कितीतरी पोडं स्वतंत्र गाव म्हणून नसतातच, शेजारच्या मोठ्या गावाच्या नावाखाली ती मोडतात.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात कोलामांची संख्या सुमारे २५,००० दिली आहे. त्यांपैकी २३,००० एकट्या वणी भागात, उरलेले वर्धा जिल्ह्यात आणि निजामाच्या हद्दीत. इतर ठिकाणी कोलाम आढळत नाहीत, असंही तिथे म्हटलं आहे. एवढ्या लहान मुलखातली जमात, रेल्वे वर्ध्यावरून जाते, कापसाच्या गाड्या हिंगणघाटला येतात, आणि तरी सरकारी कागदांत तिची ओळख सारखी घसरत राहते. कधी गोंडांत धरतात, कधी नावाच्या सारखेपणावरून कोळी समजतात.

भाषेच्या बाबतीत तर याहून मोठा घोळ झाला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये आला. मुंडा आणि द्राविडी भाषांचा हा खंड नॉर्वेचे विद्वान स्टेन कोनो यांनी तयार केला. तेव्हाच्या वाशीम जिल्ह्याच्या पुसद भागातून आलेले काही नमुने ‘भिली’ म्हणून नोंदवले गेले होते. भिली ही गुजराती-राजस्थानीच्या घरातली आर्य भाषा. कोनो यांनी नमुने तपासले तर आतलं व्याकरण द्राविडी निघालं, आणि तेही कोलामीच्या अगदी जवळचं. वरची चिठ्ठी एक आणि आतला माल दुसराच. स्थानिक कारकुनाने जंगलातला माणूस पाहिला आणि जंगलातल्या माणसाचं त्याला माहीत असलेलं एक नाव लिहून टाकलं.

कोलाम असे कागदांतच हरवले होते, पण लपलेल्या जमातीचा शोध म्हटलं की डोळ्यांपुढे जंगल, दऱ्या, वाटाड्या आणि एखादी विझत आलेली शेकोटी येते. अमेरिकेत अशा कहाण्या पुष्कळ आहेत आणि काही खऱ्या आहेत. १८७८ च्या सप्टेंबरात उत्तरेकडच्या शायान जमातीचे सुमारे ३०० लोक ओक्लाहोमातल्या सरकारी वस्तीतून निघाले आणि मोंटानातल्या आपल्या मायभूमीकडे चालू लागले. वाटेत त्यांचे दोन गट झाले. डल नाइफचा गट फोर्ट रॉबिन्सनच्या छावणीत अडकला आणि जानेवारी १८७९ मध्ये तिथून पळताना त्यातले साठांहून अधिक जण मारले गेले. लिटल वुल्फचा गट मात्र नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत अख्खा हिवाळा लपून राहिला. सैन्याला तो सापडला नाही. टंग नदीकाठी शायानांना त्यांची भूमी १८८४ मध्ये मिळाली. डोंगरात अजून कुठे तरी एखादी टोळी दडून आहे, या समजुतीला खतपाणी मिळतं ते अशा घटनांतून.

दुसरी कहाणी कॅलिफोर्नियाची, आणि ती थेट वर्ध्यापर्यंत येते. १९०८ मध्ये डीअर क्रीकच्या दरीत वीज कंपनीच्या मोजणीदारांना एक लपलेली झोपडीवस्ती अचानक दिसली. ‘याही’ नावाच्या जमातीचे शेवटचे चार-दोन लोक तिथे राहत होते. मोजणीदारांनी त्यांच्या वस्तू उचलून नेल्या आणि ते लोक पांगले. पुढच्या वर्षी विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वॉटरमन त्यांना शोधायला त्या दऱ्यांत गेले. रिकामी घरटी दिसली, माणूस एकही सापडला नाही. मग २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाबाहेरच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी, एकटा माणूस आपणहून येऊन उभा राहिला. शेरीफने त्याला कोठडीत ठेवलं. त्याची भाषा कोणालाच कळेना. वॉटरमन तिथे पोचले ते शब्दांची यादी घेऊन. शेजारच्या याना बोलींचे टिपलेले शब्द ते एकेक करून वाचत गेले. बराच वेळ समोरचा चेहरा कोराच. अखेर पाइन लाकडाचा शब्द आला, वॉटरमन यांनी खाटेच्या लाकडावर बोट टेकवलं, आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. जगाने पुढे त्याला इशी म्हणून ओळखलं.

दऱ्याखोऱ्यांतली शोधमोहीम हात हलवत परतली होती आणि वर्षानुवर्षं कोणी तरी चिकाटीने टिपलेली शब्दांची यादी कामी आली, हे या कहाणीत सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

१९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर हा भाषाशास्त्रज्ञ इशीसमोर बसला आणि त्याच्या तोंडून ‘याही’ भाषेतल्या गोष्टी उतरवून घेत राहिला. पुढच्या मार्चमध्ये इशी क्षयाने गेला आणि ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. याच सपीरने १९१३ मध्ये दाखवून दिलं होतं की पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वियोट आणि युरोक या दोन चिमुकल्या भाषा आल्गाँकियन कुळाशी नातं सांगतात. शायानांची भाषा त्याच कुळातली. पर्वतरांगा आणि मैदानं मध्ये टाकून शेकडो कोस दूर पडलेल्या माणसांचं जुनं नातं शब्दांतून निघालं. त्यावर बराच वाद झाला. मेरी हास यांनी १९५८ मध्ये पुराव्यानिशी तो मिटवला आणि सपीरचं म्हणणं बरोबर ठरलं.

सपीर १९३१ मध्ये येल विद्यापीठात आला. तिथे त्याला मरे बार्न्सन एमेनो नावाचा तरुण भेटला. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचा, १९०४ चा जन्म, शिक्षण संस्कृतचं. जंभलदत्ताच्या वेताळपंचविशीची संस्कृत संहिता त्याने संपादित केली होती. वेताळाच्या गोष्टींत रमलेल्या या माणसाला सपीरने न लिहिल्या गेलेल्या भाषांकडे वळवलं. १९३५ ते १९३८ अशी तीन वर्षं एमेनो भारतात राहिले. बहुतेक काळ निलगिरीच्या डोंगरात गेला, तोडा आणि कोटा लोकांबरोबर. कोडगू भाषेवरही त्यांनी काम केलं. आणि तिथून इतक्या लांब, वर्धा जिल्ह्यात येऊन त्यांनी कोलामी उतरवून घेतली. सपीरची पद्धत त्यांनी सोडली नाही. भाषा बोलणाऱ्यासमोर बसायचं, ती वाक्यावाक्याने ऐकायची, अख्ख्या गोष्टी तिच्याच उच्चारांत लिहायच्या आणि मग त्यांतून व्याकरण उभं करायचं. इशीसमोर बसलेल्या माणसाचा शिष्य वर्ध्याच्या कोलामासमोर बसला, हा योग इथल्या माणसाला ठाऊक असायला हवा.

त्या वर्षांत वर्ध्यात दुसरंही काही चाललं होतं. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले होते. त्याचं सेवाग्राम हे नाव पुढे रूढ झालं. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे प्रयोग चालू होते. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये इथेच स्थापन झाली. आणि २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला मारवाडी विद्यालयात देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हाताने करायच्या एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेलं, आणि तेही मातृभाषेतून, असा ठराव त्यांनी केला. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली आणि ‘वर्धा शिक्षण योजना’ या नावाने ती देशभर गेली. मातृभाषेचा हा ठराव ज्या जिल्ह्यात झाला, त्याच जिल्ह्याच्या पोडांवर एक मातृभाषा अशी होती की तिला लिपी नव्हती, पुस्तक नव्हतं, आणि ठरावात ‘मातृभाषा’ म्हणताना ती कोणाच्या मनात असण्याचा संभव फार थोडा होता.

एमेनो यांचं ‘कोलामी : एक द्राविडी भाषा’ हे पुस्तक १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केलं. भाषाशास्त्रात आज ‘वर्धा बोली’ म्हणून कोलामीचा जो प्रकार ओळखतात, तो या पुस्तकातला. यात व्याकरण आहे, गोष्टी आहेत, शब्दकोश आहे आणि शेवटी नात्यागोत्याचा हिशेब आहे. हा हिशेबाचा भाग फार विलक्षण आहे. कोलामांच्या शेजारी पिढ्यानपिढ्या गोंड राहतात. दोघांचे सणवार एकमेकांत मिसळलेले, कोलामांतले पुष्कळ जण गोंडीही बोलतात. त्यामुळे कोलामी ही गोंडीचीच एखादी पोटबोली असावी, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कोलामीची सख्खी नाती निघाली ती चंद्रपूरच्या नाईकीशी, बस्तरच्या परजीशी आणि कोरापुटच्या गदबांच्या भाषेशी. वर्ध्यापासून बस्तर सुमारे ४०० किलोमीटर, आणि मधला सगळा मुलूख गोंडीचा. म्हणजे गोंडी मध्ये पसरण्याच्या आधी केव्हा तरी कोलाम आणि परजा यांचे पूर्वज एकच भाषा बोलत असणार. आदिलाबादचे गोंड कोलामांना ‘पुजारी’ म्हणतात आणि त्या मातीतल्या देवांची पूजा त्यांच्या हातून करवून घेतात. नंतर आलेल्याने आधीच्या रहिवाशाला दिलेला हा मान आहे, असं समजायला जागा आहे. भाषेचा पुरावाही तिकडेच बोट दाखवतो.

कोलामीच्या व्याकरणातली एक गोष्ट मराठी माणसाला थबकायला लावेल. ‘दोन’ म्हणायला कोलामीत तीन रूपं आहेत. पुरुष असतील तर इद्दर, बाया असतील तर ईराल, वस्तू असतील तर इंदिंग. तीन आणि चारसाठीही तसंच. आपण दोघे, दोघी, दोन म्हणतो. तिघे, तिघी, तीन. चौघे, चौघी, चार. हिंदीला हे माहीत नाही, इंग्रजीलाही नाही. एक भाषा आर्य, दुसरी द्राविडी. पण बांधाला बांध लावून शेकडो वर्षं नांदल्या, आणि माणसं मोजायची रीत दोघींकडे सारखी आहे. पाचापासून पुढे मात्र कोलामीने तेलुगूचे अंक घेतले आहेत. मोजदाद वाढते ती बाजारात, आणि कोलामांचा जुना बाजार कुठल्या दिशेला होता, ते यातून दिसतं.

दक्षिणेला, निजामाच्या आदिलाबादमध्ये, हीच माणसं फार वाईट दिवस पाहत होती. कोलामांची जुनी शेती डोंगरउतारावरची. झाडं तोडून जाळायची, कुदळीने आणि टोकदार काठीने बी पेरायचं, दोन-तीन वर्षांनी उतार बदलायचा. बैल नाही, नांगर नाही. जंगलं राखीव झाली आणि ही शेती गुन्हा ठरली. सपाटीवरची जमीन आधीच दुसऱ्यांच्या नावावर गेलेली. गोंडांकडे निदान नांगर होता. उतार गेल्यावर कोलामांच्या हाती काहीच राहिलं नाही. १९४० मध्ये कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने जोडेघाटच्या डोंगरात बंड केलं आणि पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. हे का घडलं, ते शोधायला निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला नेमलं. महायुद्ध चालू होतं आणि कागदोपत्री तो शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, तरीही. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई गावात जाऊन राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं आणि मुलांना गोंडीतून शिकवायला सुरुवात झाली. बेटी १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

हैदराबाद संस्थानाच्या सेवेत तेव्हा एक मराठी अधिकारी होते. शिवकाल आणि मोगल-मराठा संबंधांवर लिहिणारे, फारसी कागदपत्रं मराठीत आणणारे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्याच सेतुमाधवराव पगडींनी आदिलाबादच्या नोकरीत गोंडी शिकून घेतली, कोलामी शिकून घेतली, आणि १९५० मध्ये कोलामीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. एमेनो यांच्या पुस्तकाच्याही पाच वर्षं आधी. पगडींच्या चरित्रात या कामाला एखाद-दुसरं वाक्य मिळतं, हे फार कमी आहे. हाताखाली मुलूख असलेल्या अधिकाऱ्याने दुभाषा बाजूला सारून पोडावरच्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

एमेनो आणि टॉमस बरो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये निघाला, सुधारलेली आवृत्ती १९८४ मध्ये. तमिळ, कन्नड, तेलुगू यांच्या रांगेत कोलामीचे शब्द तिथे मानाने बसले आहेत. पाण्याच्या नोंदीत तमिळ ‘नीर’ आणि त्याच रांगेत कोलामी ‘ईर’. वाघाच्या नोंदीत ‘पुल’. विस्तवाला ‘किस’. काही शब्दांपुढे किनवटची खूण आहे, काहींपुढे पगडींच्या नावाची आद्याक्षरं आणि नाईकीच्या शब्दांपुढे चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यांच्या सीमा हलल्या आणि एकाच जमातीची माणसं वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या शाळाभाषांत वाटली गेली. अलीकडे मराठी, पलीकडे तेलुगू.

आज कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातली तिसरी अतिअसुरक्षित आदिवासी जमात गणली जाते. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे देशभरात सव्वा लाखाच्या आसपास होते. महाराष्ट्रातल्या कोलामांची संख्या त्याहून बरीच जास्त, दोन लाखांच्या जवळ. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट पाहायला हवं. घरात आजी कोलामी बोलते, आईला ती समजते, आणि पोरगं पहिलीत गेलं की मराठीशिवाय चालत नाही. युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या यादीत कोलामीचं नाव आहे. शिक्षक वाईट असतो, असं नाही. पुष्कळदा तो मनापासून शिकवतो. पण पहिल्या दिवशी पाण्याला ‘पाणी’ म्हण, असं ऐकणाऱ्या पोराला आपल्या घरात पाण्याला जे म्हणतात ते चुकीचं आहे, एवढंच कळतं. १९३७ च्या ठरावाने नेमकी हीच गोष्ट टाळायची म्हटली होती.

वर्धा जिल्ह्याच्या कोलामांनी एमेनो यांना सांगितलेल्या गोष्टी अजून त्या पुस्तकात आहेत. रोमन लिपीत, उच्चारांच्या खुणांनी भरलेल्या ओळींत, शेजारी इंग्रजी भाषांतर घेऊन. ज्या घरांतून त्या आल्या, तिथल्या माणसाला त्या वाचता येणार नाहीत. त्या देवनागरीत उतरवायच्या, आज कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवायच्या, उच्चार बदलले असतील तर नोंदवायचे, आणि मराठी भाषांतरासह पोडावरच्या शाळांत द्यायच्या, हे काम करता येण्याजोगं आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. कोलामी जाणणारी दोन-चार तरुण मुलं, एक भाषेचा अभ्यासक आणि एक छापखाना लागतो. वर्ध्यात हिंदी विद्यापीठ आहे, नई तालीमची शाळा आहे, पिपरी-सावंगीच्या पट्ट्यात महाविद्यालयं आहेत, आणि कळंब-राळेगावकडची कोलाम मुलं इथे शिकायला येऊ शकतात. त्यांच्यातल्या एखाद्याची आजी अजून इद्दर आणि ईराल यांत फरक करून बोलत असेल, तर सुरुवात तिच्यापासून करावी, आणि ती लवकर करावी.